गुडघ्याच्या उंचीवरचे कलम

उरकियाच्या घरात दर ऑक्टोबरात आपोर्ट सफरचंदाचा वास येई, आणि घरात आपोर्ट सफरचंद एकही नसे. दारामागच्या बोळकांडीत, जिथे कोट टांगतात आणि बूट काढतात, तिथे तो सर्वांत दाट असे. स्वयंपाकघरापर्यंत येता येता विरून जाई. दार सताड उघडे टाकून डोंगरावरचा वारा आत घेतला, तरी थोड्या वेळाने तो पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राही.

उरकिया अल्माटीच्या वर, पायथ्याच्या वस्तीला लागून असलेल्या फळसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करत होती. वासाला मूळ लागते, हे तिला कुणी सांगायला नको होते. पिकणारे फळ हवेत काही द्रव्ये सोडते आणि फळ हलवले की ती संपतात. म्हणून तिने मूळ शोधले. तळघरातले बटाट्यांचे खोके उपसले, कोटांचे खिसे उलटे केले, एका वर्षी तर बोळकांडीतल्या दोन फळ्या उचकटून खाली दिवा धरला. खाली कोरडी माती आणि उंदराचे जुने घरटे होते. फळ्या तिने स्वतःच पुन्हा ठोकल्या.

तिची सासू झाकिया आपा शेगडीजवळच्या गादीवरून हे सारे पाहत असे. सुनेला ती नावाने कधी हाक मारत नसे, केलिनच म्हणे, म्हणजे सूनबाई.

"शोध, केलिन, शोध. छपरावर चढ, तळघरात उतर. माझा मुलगा दारात उभा आहे, तेवढं सोडून सगळीकडे शोध."

"आपा, दारात कोट टांगलेत."

"कोटांना भूक लागत नाही."

ही भूक वस्तीत सर्वांना ठाऊक होती. ज्या घरातले माणूस गेले, त्या घरातून शुक्रवारी गरम तेलाचा वास बाहेर पडायचा. सात पातळ पोळ्या तळायच्या, गेलेल्याच्या नावाने प्रार्थना म्हणायची. पोळ्या जिवंतांनी खायच्या आणि वास पितरांनी. वासावरच त्यांचा आठवडा निघतो. उरकियाच्या घरातून हा वास नऊ वर्षांत एकदाही बाहेर पडला नव्हता. तिचा नवरा टोक्तर नाहीसा झाला होता; तो मेलेला कुणी पाहिला नव्हता.

टोक्तर केंद्रात कलमे बांधत असे. सोव्हिएत राज्याच्या अखेरच्या वर्षांत आपोर्टच्या बागा खाली सपाटीवर सरकल्या होत्या, बाहेरून आणलेल्या बुटक्या खुंटांवर, म्हणजे ज्यांवर कलम बांधतात त्या रोपांवर. फळे लवकर धरत, मोठी होत आणि नाताळापूर्वीच आतून पिठूळ पडत. टोक्तरचे म्हणणे असे, की आपोर्टला डोंगरातल्या रानटी सफरचंदाचाच खुंट हवा आणि उंची हवी. ते कुणी ऐकले नाही, तेव्हा तो सुटीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून वरच्या घळींत जाऊ लागला आणि रानझाडांवर स्वतःच कलमे करू लागला. इतर कलमवाले जमिनीपासून वीतभर उंचीवर जोड देत. टोक्तर गुडघ्याच्या उंचीवर देई. बर्फाखाली उंदीर साल कुरतडतात, हे त्याचे कारण. केंद्रातले लोक मात्र म्हणत, "टोक्तरला वाकायचा आळस आहे, दुसरं काही नाही."

नऊ वर्षांपूर्वी, डोळे भरण्याच्या, म्हणजे चांगल्या जातीची कळी खुंटाच्या सालीत बसवून बांधण्याच्या दिवसांत, तो "वर जाऊन येतो" एवढेच म्हणून गेला. त्याच आठवड्यात डोंगरावरचे तळे फुटले आणि चिखल-धोंड्यांचे लोंढे एकाहून अधिक घळींतून उतरले. तो कुठल्या घळीत गेला होता, हे कुणालाच माहीत नव्हते. शोध झाला, काही सापडले नाही. पुढच्या वर्षी एका ट्रकवाल्याने झारकेंतच्या बाजारात, चिनी हद्दीजवळ, टोक्तरसारखा माणूस पाहिल्याचे सांगितले. पाठमोरा पाहिला होता. त्या काळात माणसे घर सोडून जातही होती. कुणी व्यापाराला, कुणी दुसऱ्या बाईकडे. उरकियाने त्या ट्रकवाल्याला घरी बोलावून चहा पाजला आणि टोपीचा रंग, चाल, खांद्यांची ठेवण असे विचारत राहिली. उत्तरे दर वेळी थोडी बदलत. तरीही ती पाठ तिने मनातून काढून टाकली नाही.

"बायको जिवंत आहे म्हणते तोवर आईनं मेला म्हणू नये," आपा म्हणे. "म्हणून मी गप्प. पण माझी बोटं वाकलीत, केलिन. मी गेल्यावर त्याच्यासाठी कोण तळणार? तू? तू तर पुरावा मागत बसशील."

"जिवंत माणसासाठी तळलं तर काय होतं, ते तुम्हीच सांगितलंय मला."

"काय होतं?"

"तो परतीची वाट विसरतो."



टोक्तर गेल्याच्या नवव्या वर्षी, शरदात केंद्राने उरलेल्या आपोर्ट झाडांची पाहणी काढली. कुठल्या झाडाची फळे खरोखर जुन्या गुणाची आहेत ते ठरवून त्याच झाडांच्या काड्या पुढे वापरायच्या होत्या. वनरक्षक, बागवान, मेंढपाळ ज्याला जिथे झाड ठाऊक होते तिथून फळे येऊ लागली. प्रत्येक नमुन्याला क्रमांक मिळे. कुठून आला ते प्रयोगशाळेच्या प्रमुख झिनाईदा पेत्रोव्हना चाचण्या संपेपर्यंत सांगत नसत. तोंडाने चव घेणाऱ्याला गाव कळले की जीभ खोटे बोलते, असे त्यांचे मत होते. दोघी इतकी वर्षे एका टेबलाशी बसत, तरी उरकियालाही त्या सांगत नसत.

सतरावा नमुना उरकियाने इतरांसारखाच हाताळला. आधी साल सोलून गरात दाबयंत्राची बोथट सळई घुसवली. खालच्या बागांच्या आपोर्टात ती लोण्यात गेल्यासारखी जाई. इथे तिला जोर लावावा लागला. रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला: साखर बरी, पण डोळे विस्फारावेत अशी नव्हे. गोल्डन जातीची साखर याहून जास्त भरली होती. मग रसात थेंबाथेंबाने अल्कली सोडले. रंग गुलाबी होऊन टिकला की थांबायचे. तो गुलाबी होई आणि हलवताच मावळे. सिमिरेंको रेनेटसारख्या आंबट जातीला लागते तितके अल्कली या गोड म्हणवणाऱ्या जातीने पिऊन टाकले. क जीवनसत्त्व सपाटीवरच्या आपोर्टाच्या जवळजवळ दुप्पट निघाले. पेक्टिन भरपूर होते, रानटी फळाचा कडू तुरटपणा मात्र नावाला नव्हता.

आकडे एकाखाली एक आले, तशी उरकियाची मान ताठ होत गेली. उंचीवर आम्ल चढते, जीवनसत्त्व चढते, गर घट्ट राहतो. रानटी खुंट फळाला इतका जोम देतो. जात आपोर्ट, उंची घळींची, खुंट रानटी. असे झाड लावणारा एकच माणूस तिला ठाऊक होता.

दुपारी चवीची बैठक झाली. उन्हाकडच्या बाजूपासून सावलीकडच्या बाजूपर्यंत कापलेल्या फोडी, पांढऱ्या बशा, बशीखाली क्रमांक. बैठकीत बोलायचे नाही, पाचपैकी गुण द्यायचे, असा दंडक. सतरा क्रमांकाची बशी पोचली आणि उरकियाने फोड तोंडाजवळ नेली. वास बोळकांडीतला होता. तसलाच नव्हे, तोच. तिने फोड परत बशीत ठेवली आणि खुर्चीचा हात धरला, कारण क्षणभर तिला वाटले की आपल्या मागे कुणीतरी बूट काढतो आहे.

दंडक झिनाईदा पेत्रोव्हनांनीच मोडला. "अरे देवा, हे कुठून उठून आलं? लहानपणी माझी आजी पेटीत कपड्यांमध्ये ठेवायची, ते हे! उरकिया, तू खात का नाहीस? विष आहे का त्यात?"

"कुणी आणलं?" उरकियाने विचारले.

"बैठक संपू दे."

"झिनाईदा पेत्रोव्हना, कुणी आणलं?"

इतक्या वर्षांत हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी सांगितले.

बेइसेन नावाचा मेंढपाळ होता तो. दुसऱ्या दिवशी पेढीच्या हिशेबाला तो खाली आला, तेव्हा उरकियाने त्याला केंद्राच्या कुंपणाशीच गाठले.

"झाड? हो, आहे एक. वरच्या घळीत, जिथं लोंढा पसरला होता तिथं," तो म्हणाला. "पोरसवदा झाड आहे, खोड माझ्या मांडीएवढं. गेल्या वर्षी चार फळं होती, ती माझ्या घोड्यानं खाल्ली. यंदा पहिल्यांदाच धरलंय म्हणा ना. का हो, बक्षीस मिळायचं का? असलं तर घोड्याला द्या, जात त्यानंच ओळखली."

उरकिया हसली नाही. आपोर्ट उशिरा फळतो. रानटी खुंटावर तर आठ-नऊ वर्षे घेतो. बीपासून तो जातिवंत उगवत नाही, कुणीतरी कलम केल्याशिवाय घळीत आपोर्ट असू शकत नाही. आणि ते झाड लोंढ्याच्या गाळावर उभे होते. म्हणजे गाळ आधी, कलम नंतर. ती वजाबाकी बागेच्या कामातल्या कुणीही अशीच केली असती.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही. "आपा, ते जिवंत आहेत. लोंढ्यानंतर जिवंत होते. मी फळ पाहिलंय."

आपा आनंदेल असे तिला वाटले होते. म्हातारीने वाकडी बोटे मांडीवर दुमडून घेतली.

"जिवंत होता आणि घरी आला नाही?"

"कारण असेल काही."

"नऊ वर्षं पुरेल असं कारण?" आपा बोळकांडीकडे पाहत म्हणाली. "आणि तो तिकडं जिवंत असेल, केलिन, तर मग इथं माझ्या दारात कोण उभं राहतं?"

उरकियाने मान वळवली नाही. कोटांमधून वास येत होता, आणि त्या संध्याकाळी प्रथमच तिला त्याची भीती वाटली. मेलेला नवरा दारात उभा राहतो ही कल्पना ती इतकी वर्षे हसण्यावारी नेत आली होती. जिवंत नवऱ्याने कुठेतरी दूर बसून आपल्याला विसरावे आणि त्याच्या जागी भलत्याच कुणीतरी दारात उभे राहावे, ही कल्पना हसण्याजोगी नव्हती.

रविवारी बेइसेनने तिच्यासाठी एक शांत घोडी आणली. वाटेत तो बोलत राहिला, मेंढ्यांविषयी, जावयाविषयी, खालच्या बागा तोडून बंगले बांधणाऱ्यांविषयी. मग घळ उघडली. एरवी अशा घळीत रानसफरचंदांची दाटी असते, पाखरे असतात, सडक्या फळांवर गांधीलमाश्या असतात. इथे एका उतारापासून दुसऱ्या उतारापर्यंत करड्या गाळाचे सपाट पटांगण होते, मध्येमध्ये गवताचे झुबके आणि घरांएवढे धोंडे. मधोमध ते एकटे झाड. उरलेली लाल फळे पानांतून अशी दिसत होती, की जणू खिडक्यांत दिवे लागलेत आणि घरात कुणी नाही.

उरकिया उतरून खोडाशी गेली आणि गुडघ्याच्या उंचीवर तिने बोटे फिरवली. तिथे जोड नव्हता. वीतभर उंचीवर नव्हता. कुठेच नव्हता, साल अखंड गुळगुळीत होती.

"काय हुडकताय?" बेइसेनने विचारले.

"कलम."

"मग हे आपसूक आलं म्हणायचं?"

"आपोर्ट आपसूक येत नाही." ती खोडाच्या तळाकडे पाहत होती. झाड जमिनीतून वर येते तिथे ते पसरते, मुळांचे खांदे दिसतात. हे खोड खांबासारखे सरळ आत गेले होते, जसे कुणी वरून रोवले असावे. ती खाली बसली, आणि घळीत कुणी नसताना तिला कुणीतरी पाहत असल्यासारखे वाटले. "बेइसेन, फावडं आहे?"

दोघांनी आळीपाळीने खणले. करडा गाळ कोरड्या साबणासारखा तुकड्यांनी निघे. खोड खाली जात राहिले. हातभर खोलीवर ते एका जाड, जुन्या, मोडक्या बुंध्याच्या कुशीतून निघालेले दिसले. लोंढ्याने वरचे झाड मोडून नेले होते. मोडलेल्या बुंध्यावरचा एक फुटवा गाळातून वाट काढत उजेडात आला होता आणि त्यानेच नऊ वर्षांत हे झाड झाले होते. बेइसेनने पाहिले होते ते वय फुटव्याचे होते. झाड पुष्कळ जुने होते.

उरकियाने बेइसेनला थांबवले आणि पुढचा गाळ हातांनी काढला. जुन्या बुंध्याला खाली एक फुगीर कडे होते, वरची साल गुळगुळीत, खालची रानटी, खडबडीत. जोड. त्याखाली अजून गाळ, आणि मग रंग बदलला: काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्याची माती. पूर्वीची जमीन. ती खड्ड्यात उतरून त्या काळ्या मातीवर उभी राहिली. जोड तिच्या गुडघ्याला लागला. वर घळीची जमीन तिच्या छातीला लागत होती.

"बाई, वर या," बेइसेन हळूच म्हणाला. "ते चांगलं दिसत नाही."

पण तिला खड्ड्याच्या भिंतीत काहीतरी दिसले होते. बुंध्याशेजारी रानसफरचंदाचे एक बोटभर जाडीचे रोप गाळात उभेच मेले होते. त्याच्या सालीवर, गुडघ्याच्याच उंचीवर, आडवी-उभी चीर होती, डोळा बसवण्यासाठी देतात तशी. चिरेभोवती कलमाची प्लास्टिकची पट्टी होती. पट्टी सडत नाही. तिचा एक वेढा पडलेला होता, नीट, ताणून. दुसरा पडला नव्हता. उरलेली पट्टी गाळात सुटी लोंबत होती.

उरकिया तिच्याकडे पाहत राहिली. डोळा बसवून पट्टी गुंडाळायला एक मिनिट लागत नाही. पाऊस आला तरी, कुणी हाक मारली तरी, हातातला डोळा बांधल्याशिवाय कलमवाला उठत नाही, डोळा सुकतो. टोक्तर तर जेवणावर ओरडा झाला तरी उठत नसे. पहिल्या आणि दुसऱ्या वेढ्याच्या मध्ये त्याला इथून उठवणारे काय असू शकते, याचा तिने सर्व बाजूंनी विचार केला. झारकेंतच्या बाजारातली ती पाठ तिने या चिरेशेजारी उभी करून पाहिली. ती टिकली नाही.

बेइसेनने टोपी काढली होती. त्याने हात देऊन तिला वर ओढले. पट्टी तिने सोडवली नाही. खड्डा दोघांनी बुजवला, जोडावर आधी काळी माती टाकून. जाताना तिने झाडाची फळे तोडली नाहीत, मात्र प्रयोगशाळेसाठी काड्या कापल्या, कारण ते काम होते. काड्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

झाकिया आपाने सगळे ऐकून घेतले. गाळ, जोड, पट्टी. ती रडली नाही. "एकच वेढा?" तिने विचारले.

"एकच."

"मग घाईतच गेला माझा बाळ," ती म्हणाली. आणि शेगडीकडे वळून, "कणीक तू मळ. मीठ मी घालीन."

शुक्रवारी उरकियाने कामावर सुटी टाकली. आपा शेगडीशी उशीला टेकून बसली आणि पातळ कर, आणखी पातळ कर, हे काय गाढवाचं खोगीर लाटतेस का, असे सांगत राहिली. तेल तापले. पहिली पोळी कढईत फुगली, तेव्हा आपाने स्वतः उठून खिडकी उघडली. शेजारच्या अंगणात चादरी वाळत घालणारी बाई वास येताच थांबली, तिने या घराकडे पाहिले आणि चादर तशीच टाकून डोक्याला रुमाल बांधत ती आत आली. मागोमाग आणखी दोघी आल्या. बोळकांडीत बूट काढून त्या एकामागून एक आत येत होत्या, आणि कोटांशी जागा कमी पडत होती.

वस्तीतला म्हातारा सेइतझान प्रार्थना म्हणायला आला. त्याने मांडी घातली, पोळ्यांच्या चळतीकडे पाहिले, तळहात उघडले आणि नेहमीप्रमाणे विचारले, "कुणाच्या नावानं म्हणू?"

सगळ्यांना माहीत होते. तरी ते घरच्या माणसाने सांगावे लागते. उरकियाने आपाकडे पाहिले; आपाने डोळे मिटून घेतले होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून उरकियाने नवऱ्याचे नाव तोंडाने कधी घेतले नव्हते. घरंदाज सुना घेत नाहीत. तो समोर असताना गरज पडली नव्हती, आणि तो नाहीसा झाल्यावर चौकीत, केंद्रात, ट्रकवाल्यासमोर ती "हे" आणि "ते" म्हणतच बोलली होती. नाव लिहायची वेळ आली तेव्हा कागद दुसऱ्याकडे सरकवला होता.

"कुणाच्या, मुली?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारले.

"टोक्तर," ती म्हणाली. आवाज तिला परक्या बाईचा वाटला. मग वडिलांच्या नावासकट, जसे सांगायला हवे तसे, तिने ते पुन्हा पूर्ण सांगितले. आणि सेइतझानने डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली.